माघ्यावरचं ऊन

फोटो स्पर्धेचा विषय ‘सावली’ ठेवायचा आणि परीक्षक म्हणून मला बसवायचं, ही कल्पना माझ्या पुतणीची, हर्षालीची. ती जव्हारच्या कॉलेजात शिकवते. "काका, सावलीतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" असं म्हणाली तेव्हा मला हसू आलं. बाजारपेठेत माझा स्टुडिओ आहे आणि गेली चाळीस वर्षं मी सावल्या घालवण्याचंच काम करतो. अर्जावरच्या फोटोत मागच्या पडद्यावर डोक्याची सावली पडली की अर्ज परत येतो. दोन बाजूंना दोन दिवे, माणूस पडद्यापासून तीन फूट पुढे, की सावली गायब. या कामात जव्हार-मोखाड्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. हे मीच सांगतो, कारण सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

एवढ्या वर्षांत काढलेला फोटो माणसाला दिला नाही, असं एकदाच झालं. वावर गावची हिरी. तिचं नऊ महिन्यांचं पोर, माघ्या, ब्याण्णवच्या ऑक्टोबरात गेलं. त्याचा फोटो आयुष्यात एकदाच निघाला, तो मी काढला होता. दर दिवाळीच्या बाजाराला ती स्टुडिओच्या पायरीशी येऊन उभी राहायची. "भाऊ, फोटू निंगला का?" मी म्हणायचो, रोल खराब झाला बाई, काही आलं नाही. दोन वर्षांपूर्वी शेवटची आली तेव्हा केस पांढरे झाले होते. म्हणाली, "भाऊ, त्याचा तोंड आता ध्यानात येत नाय. एकदा दाव ना." मी तेच उत्तर दिलं. निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यात होती, हिरी उभी होती तिथून चार हातांवर.

तर स्पर्धा. एकशे त्रेचाळीस फोटो आले. त्यातल्या निम्म्या लोकांना सावली म्हणजे मावळत्या सूर्यापुढे हात पसरून उभा केलेला मित्र वाटतो. सनसेट पॉइंटचे एकोणतीस मी पहिल्याच दिवशी बाजूला काढले. राजवाड्याच्या कमानींचे अकरा. बाकीचे मात्र मन लावून पाहिले. मी खडूस असेन, पण आळशी नाही.

ती सावली मला पहिल्यांदा दिसली नितीन सरांच्या फोटोत. हे दाभोशाच्या शाळेतले शिक्षक. सकाळचं ऊन, भाताच्या पेंढ्याची उडवी, तिच्याजवळ एक शेळी. उडवीची सावली शेतभर लांबलेली. चांगला फोटो होता. पण डाव्या कोपऱ्यात आणखी एक सावली होती, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईची. बाई कमरेत वाकलेली होती आणि दोन्ही हात खाली पुढे केलेले होते, जमिनीवरून काही उचलायला करतात तसे. हातांत काहीच नव्हतं.

मी सरांना फोन लावला. "फोटो छान आहे. ती डावीकडची बाई चौकटीत घेतली असती तर आणखी चांगला झाला असता."

"कुठली बाई?"

"सावली पडलीय ना तिची."

 मोबाईलवर फोटो मोठा करून बघत असावेत. मग म्हणाले, "सर, तिथं मी होतो आणि शेळी होती. मी एडिट वगैरे काही केलेलं नाही. पाहिजे तर स्पर्धेतून काढून टाका."

दुसऱ्या दिवशी तीच सावली वांगणीच्या रंजनाताईंच्या फोटोत सापडली. त्या अंगणवाडी चालवतात. त्यांनी सुपाची सावली टिपली होती, आणि सुपामागे सारवलेल्या अंगणात ती वाकलेली बाई. मग घाटातल्या एका मोरीवर, मग एका टपरीच्या भिंतीवर. सगळे मिळून सात फोटो झाले. सात जणांचे सात फोन, एकमेकांना न ओळखणारी माणसं. मोखाड्याकडून चाळीस फोटो आले होते, त्यांतल्या एकाही फोटोत ती नव्हती.

मी हर्षालीला बोलावून म्हणालो, "कुणीतरी चेष्टा करतंय. हल्ली मोबाईलवर काय वाटेल ते करता येतं."

"सातही जण?" ती म्हणाली.

मला खुपत होतं ते वेगळंच. सकाळी सावली लांब असते, दुपारी आखडते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. या बाईची सावली आठच्या उन्हातही तेवढीच होती आणि पाचच्या उन्हातही तेवढीच, तिच्या कमरेइतकी आखूड. आजूबाजूच्या सावल्या दिवसाप्रमाणे फिरत होत्या. ही एकाच वेळेला अडकून पडलेली होती. मी पट्टी घेऊन मोजलं, मग कागदावर आकडेमोड केली. अशी सावली आपल्याकडे ऑक्टोबरात पडते, अकराच्या सुमारास. आणि फोटो सगळे या जानेवारीतले होते.

हर्षाली तोवर फायलींवरच्या तारखा लावत बसली होती. "काका, वांगणी चार तारखेला. दाभोसा सातला. मोरी नऊला. टपरी बाराला, ती तर आपल्या फाट्यावरचीच." ती हसली. "म्हणजे चालत येतेय बाई." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप बंद केला.

सातवा फोटो वर्षाचा होता. ती माझ्या स्टुडिओसमोर शिलाईचं दुकान चालवते. तिनं विजेच्या तारांच्या सावल्या टिपल्या होत्या, माझ्याच बंद शटरवर पडलेल्या. तारीख सोळा, म्हणजे त्याच दिवसाची; सगळ्यांत शेवटी आलेला फोटो हाच. शटरचं कुलूप खाली जमिनीलगत असतं. वाकलेल्या बाईचे दोन्ही हात त्या कुलपापाशी पोचले होते.

आता मला सांगायलाच हवं.

ब्याण्णव साली वावर-वांगणीकडे कुपोषणानं पोरं मरत होती. एका पाहणीसाठी त्यांचे फोटो हवे होते आणि ते काम मला मिळालं. पांढरी चादर अंगणात अंथरायची, पोर तिच्यावर उताणं ठेवायचं, आपण स्टुलावर उभं राहून वरून फोटो घ्यायचा. चादरीवर सावली नको, ही अट कुणी घातलेली नव्हती. ती माझीच होती. मला माझ्या कामाची घमेंड होती.

माघ्याला चादरीवर ठेवलं तेव्हा अकरा वाजत होते. हिरी सारखी त्याच्यावर वाकायची. उचलायला नव्हे, नुसती उन्हाच्या आड यायची. मी स्टुलावरून म्हणालो, "बाई, बाजूला हो. तुझी सावली काढ तिथून." ती कुडाला जाऊन टेकली. मी पहिला फोटो घेतला. मग रोल अडकला. तो सोडवण्यात, पुन्हा बसवण्यात, काच पुसण्यात अर्धा तास गेला. मधे दोनदा ती पुढे आली. दोनदा मी म्हणालो, "थांब, अजून झालं नाही." ती थांबली. मी जव्हारहून आलेला, पँटीतला, हातात कागद असलेला माणूस होतो.

मी चार फोटो घेतले. पहिल्यात माघ्याची मूठ मिटलेली आहे. चौथ्यात ती उघडी आहे.

म्हणून ते फोटो मी तिला कधी दिले नाहीत. पाहणीवाल्यांनाही नाहीत. दाखवायचा झाला असता तर पहिला एकटा दाखवता आला असता, एवढी साधी गोष्ट मला तेहतीस वर्षांत सुचली नाही असं नाही. धीर झाला नाही. मी भित्रा माणूस आहे.

सतराला सकाळी स्टुडिओ उघडून मी डबा काढला आणि निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. उन्हातली पांढरी चादर काळी दिसते, आणि सावली पडली असेल तिथं फिल्म काचेसारखी स्वच्छ. पहिल्या फोटोतल्या चादरीची प्रत्येक सुरकुती मला पाठ आहे. त्या दिवशी खालच्या कोपऱ्यात दोन ठिकाणी फिल्म स्वच्छ होती. बोटांच्या टोकांएवढी.

अठराला सकाळी मनगटं आली होती. माघ्याचे पाय दिसत नव्हते.

मी बाकीचे तीन पाहिले. तेही तसेच. खाली बसलो, पाणी प्यायलो. सावलीचं मला काही वाटलं नाही, खरं सांगतो. मला एकच दिसत होतं, की उद्यापर्यंत ती त्याच्या तोंडावर येणार. या जगात माघ्याचं तोंड तेवढ्या चार जागी होतं, आणि ते पाहायला तळमळणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला मी वर्षानुवर्षं पायरीवरून परत पाठवलं होतं.

पहिला फोटो स्कॅन केला आणि छापला. चेहरा स्वच्छ आला. मोठं कपाळ, उन्हानं मिटलेले डोळे, एका बाजूला वळलेले ओठ. कागद वाळू दिला, पाकिटात घातला, निगेटिव्हची पट्टीही त्यातच ठेवली. बाजारातून वावरकडे जाणारी जीप भरत होती. मी पुढे बसलो आणि सगळी वाट पाकीट मांडीवर धरून राहिलो.

पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. हिरीचं घर शेवटचं. अंगण तेच, कूड नवा घातलेला. ती भर उन्हात नाचणी पाखडत होती. मला पाहून उठली.

"ये भाऊ. निंगला?"

एवढंच विचारलं. मी मान डोलावली.

ती समोर येऊन उभी राहिली आणि तेव्हा माझी नजर खाली गेली, सवयीनं. जानेवारीत बारालाही माणसाची सावली तीन हात पडते. सुपाची पडली होती. माझी पडली होती. तिच्या पायांपाशी सारवलेली जमीन तशीच लखलखत होती.

तिनं नाचणीचे हात लुगड्याला पुसले आणि पाकिटातून कागद काढला.

कागद काळा होता. एका कडेला बोटभर पांढरी चादर उरली होती, बाकी सगळा काळा. पाकिटातून पट्टी खाली पडली. ती मी उचलून आभाळाकडे धरली. चारही चौकटी काचेसारख्या स्वच्छ.

"छापला तेव्हा चेहरा होता," मी म्हणालो. "हिरी, मी स्वतः पाहिला. सकाळपर्यंत होता."

 ती खाली बसली, कागद मांडीवर घेतला आणि त्यावरून बोट फिरवलं. जिथं कपाळ होतं तिथूनच.

"आता ऊन नाय लागत त्याला," ती म्हणाली.

मला रडू आलं. मी म्हणालो, "हिरी, त्या दिवशी माझ्यामुळे तो..."

"माना ठावं हाय. त्याची मूठ सुटली ती मी बघली. तू म्हणलास थांब, अजून झाला नाय. मी थांबली."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो.

"तोंड कसा होता त्याचा?" तिनं विचारलं. "तू तर बघलास. सांग."

मी सांगायला गेलो. मोठं कपाळ, एवढं आठवलं. त्याच्या पुढे नुसती पांढरी चादर येत होती. सकाळी पाहिलेला चेहरा, तेहतीस वर्षं पाहिलेला चेहरा, त्यातलं काही आठवेना. ती थोडा वेळ वाट बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली.

कागदावर माझी सावली पडली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "तुझी सावली काढ तिथून."

मी दोन पावलं मागे सरलो. सावली सरली नाही.

आणखी दोन पावलं. कुडाला पाठ टेकेपर्यंत मागे गेलो. रस्त्यावरून जीपवाल्यानं हॉर्न दिला. हिरी मांडीवरच्या कागदाकडे बघत बसली होती, आणि माझी सावली तिथंच तिच्या पायांशी होती, एकटी.

परत येऊन पाहिलं तर कॉम्प्युटरवरचं स्कॅनही काळंच होतं. स्पर्धेचा निकाल मी लावला. पहिलं बक्षीस नितीन सरांना. त्यांच्या फोटोत आता उडवी आणि शेळीच आहे, बाकी काही नाही. हर्षालीला बातमीसोबत छापायला परीक्षकाचा फोटो हवाय. ती म्हणाली, "काका, चला बाहेर, ऊन छान पडलंय." मी म्हणालो, बाहेर नको. स्टुडिओतच काढ, पडद्यासमोर, दोन्ही दिवे लावून. तशा फोटोत सावली कुणाचीच दिसत नाही.