लेथखालचा ओटा

पाणसळीतला बुडबुडा आज पुन्हा डावीकडे सरकला होता. अनुजा चौगुलेने लेथचे बोल्ट ढिले केले, पायांखालचे पत्र्याचे तुकडे बदलले, पुन्हा आवळले. उरलेला फरक काही निघेना. एवढा पातळ पत्राच मिळत नाही.

कोल्हापुरातल्या घराच्या मागच्या पडवीत हा काँक्रीटचा ओटा तिने स्वतः ओतला होता. लाकडी बाकावर लेथ थरथरतो. काँक्रीट ती थरथर गिळून टाकतं. त्यात हे हल्ली मिळू लागलेलं सजीव काँक्रीट. त्यातले जिवाणू झोपलेले असतात. तडा गेला, पाणी शिरलं, की जागे होतात, चुनखडीने तडा बुजवतात आणि परत झोपतात.

लेथवर कातायचं काम कृत्रिम गुडघ्यातल्या पिनेचं. पण पिन एका टोकाला केसभर जाड येत होती, म्हणून नमुना कंपनीकडून आधीच एकदा परत आला होता. पुढच्या आठवड्यात शेवटची संधी. नमुना पास झाला तर काम घरी. नाहीतर पुन्हा चाकणचा कारखाना, आणि लहानगी लेक मुक्ता इथे आजीजवळ.

"आत्ती, ह्या डाव्या कोपऱ्यात पांढरं काय साचलंय?" अनुजाने विचारलं.

सासूबाई देवघरातून वाटी घेऊन आल्या होत्या. "पंचामृत गं. देवाला घातलेलं पायदळी जाऊ नये. तुळशीत रोज दही घातलं की मुळं कुजतात, म्हणून इथं."

"ओट्यावर?"

"तूच म्हणालीस की, जिवंत आहे. मग जिवंताला नुसत्या पाण्यावर ठेवायचं व्हय?"

अनुजाने वाकून त्या पांढऱ्या थरावर नख घासून पाहिलं. दह्यातलं आम्ल चुन्याशी मिळून जो क्षार होतो, तोच या जिवाणूंचा खुराक. लेथच्या डाव्या पायाखाली रोज दगड वाढत होता, पाय उचलला जात होता, लेथ पिळवटत होता.

"चुकलं का गं माझं?"

"तुमचा देव मला चाकणला धाडायला निघाला होता!" अनुजाला हसू आवरेना. मग ती थबकली. "आत्ती, उद्यापासून उजव्या कोपऱ्यात घाला, तो पायही वर येऊ दे. थोडंथोडंच."

आत्ती रोज आंघोळ, पूजा आटोपून चमच्याने पंचामृत घालू लागल्या. अनुजा पाणसळ लावून बघे. बुडबुडा मुंगीच्या पावलांनी मध्याकडे आला. एका सकाळी पिन दोन्ही टोकांना सारखी उतरली. नमुना गेला, पास झाला.

दुसऱ्या दिवशी आत्ती वाटी घेऊन आल्या, तेव्हा अनुजाने त्यांचा हात धरला. "आता नको. कुठल्याच कोपऱ्यात नको. खायला नाही मिळालं की झोपतील ते."

"सगळे?"

"बरेचसे. काही मरतीलही."

आत्तींनी ओट्याच्या कडेवरून हात फिरवला.

"मी उपास करते, तो माझ्या मनानं," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांना कुणी विचारलं, अनू?"