राणीने पाठ फिरवली

मी दालनात शिरले तेव्हा तो राणीच्या काचेच्या कपाटाला कान लावून बसला होता.

"काय चाललंय?"

त्याने ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं. माझ्याच दालनात!

आमच्या संग्रहालयात भुताच्या सिनेमाचं शूटिंग चालू होतं. जुन्या राणीचा आत्मा, किंकाळ्या वगैरे. हा त्यांचा साउंडवाला. शूटिंग सुरू झाल्यापासून आमची खरी राणी, वीतभर उंचीची काशाची मूर्ती, कुलूपबंद कपाटात रोज थोडी थोडी वळत होती. काल तर तिने दाराकडे चक्क पाठ फिरवली.

किल्ली फक्त माझ्याकडे. सगळे टरकले होते, दिग्दर्शक तेवढा खूश. आमच्या संचालिकाबाई मात्र भडकल्या होत्या. "शनिवारपर्यंत उलगडा कर, नाहीतर हे दालन दुसऱ्याकडे देईन."

माझा संशय पक्का होता. जेव्हा बघावं तेव्हा हा इथेच! त्याच्यावर पाळत ठेवायची म्हणून मी डबासुद्धा खांबामागे बसून खात होते.

"आज खांबामागे नाही जेवलात?" त्याने विचारलं.

म्हणजे याला ठाऊक होतं! माझे कान तापले.

"सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी करताय ना हे?"

"किल्ली तुमच्याकडे आणि चोर मी?"

"मग काचेला कान कशाला?"

"प्रत्येक खोलीची शांतता रेकॉर्ड करतो आम्ही. तुमची फार सुंदर आहे."

"दालनाची म्हणा."

"बरं... दालनाची."

"गंमत सुचतेय तुम्हाला! शनिवारी हे दालन जाईल माझ्या हातून."

त्याचं हसू मावळलं. गळ्यातला हेडफोन काढून त्याने माझ्या कानांवर ठेवला आणि माइक काचेला टेकवला. ऊबदार होता. आत बारीक घरघर ऐकू येत होती.

"भिंतीमागे नायिकेच्या मेकअपच्या गाडीचा जनरेटर आहे. शॉट चालू असताना आवाज नको म्हणून बंद ठेवतात, जेवणाच्या सुट्टीत लावतात. फळी थरथरते आणि राणी सरकते... बघा."

श्वास रोखून पाहिलं. राणी केसभर वळली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"दुसऱ्याच दिवशी."

"आणि मूग गिळून बसलात?"

"सांगितलं असतं तर... तुम्ही माझ्यावर नजर ठेवणं सोडलं असतं."

मला भयंकर राग आला. त्याहून भयंकर म्हणजे, हसूही आलं.

"तुमचं दालन जाईल हे माहीत नव्हतं, शपथ. चला, आधी बाईंकडे." बाईंची बोलणीही त्याने एकट्याने खाल्ली.

जनरेटर हलवला गेला. राणीखाली मी जाड कापड घातलं, तोंड दाराकडे केलं.

शेवटच्या दिवशी त्याने दालनाची शांतता रेकॉर्ड केली. सगळे पुतळ्यासारखे उभे. त्याची नजर माझ्यावर, माझी त्याच्यावर.

"झालं," तो म्हणाला. मग हळूच, "आता का बघताय? राणी तर हलत नाही."

"माझा संशय अजून फिटला नाही."

"उद्या शूटिंग नाही... तरी येऊ?"

"जेवणाच्या सुट्टीत ये," मी म्हटलं. "खांबामागे दोघं मावतात."