रुमेनच्या नावाचा घास

त्या शनिवारी सकाळी माझ्याकडे काम एकच होतं. साखर आणि अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाचं भांडं न सांडता टेकडीवरच्या दफनभूमीत न्यायचं. पुढे माझ्या सासूबाई, दिमानाबाई, चालत होत्या. एका हातात वाइनची बाटली, काखेत ताजा पाव. मधूनच मागे वळून बघायच्या, मी भांड्यात बोट घालते की काय ते.

मी वार्नाची, समुद्राकाठची. या डोंगरातल्या गावात सून म्हणून येते ती मुळात खायला, असं त्या चारचौघांत सांगतात. खोटं कशाला बोलू, खरंच आहे ते. येताना बस थांबेल तिथे उतरून मी काहीतरी खातेच. पण दिमानाबाईंच्या हाताला तोड नाही. मातीच्या भांड्यात रात्रभर निखाऱ्यावर राहिलेला त्यांचा घेवडा, सुरीने कापावं लागेल असं मेंढीच्या दुधाचं दही, आणि आलुबुखाराची घरची दारू, राकीया. तिचा पहिला घोट कानापर्यंत गरम करत जातो. बाई तिखट, पण अन्न असं की सगळं माफ.

त्या दिवशी मात्र मी भांड्याला बोटही लावलं नाही. माझा नवरा रुमेन प्लोव्हदिवच्या इस्पितळात होता आणि नेमकं त्याच वेळी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं. त्यानेच मला इकडे पाठवलं होतं. "मला भूल देतील, तू शेजारी बसून काय करणार? बाबांना जाऊन वर्षही झालं नाही. मृतांच्या शनिवारी आई एकटी नको." मी आले, पण जीव तिकडे टांगलेला होता.

धुकं इतकं होतं की पलीकडच्या थडग्यावरच्या बायकांचे फक्त आवाज येत होते. ऊद, ओली माती आणि सांडलेली वाइन यांचा वास एकमेकांत मिसळला होता. आमच्याकडे या दिवशी प्रत्येक घर आपापल्या मृतांच्या नावाने खाऊ वाटतं. ज्याच्या हातावर पडेल त्याने "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं आणि घास खायचा. जिवंताने खाल्लं की मेलेल्याला पोचतं. नाही म्हणायचं नसतं.

सासऱ्यांच्या, नेद्याल्कोंच्या थडग्यापाशी आम्ही पाव मोडला. शेजारणी येत गेल्या. कुणी भाजलेल्या मिरच्या दिल्या, कुणी कोबीच्या पानातला भात. मी क्षमा मागत गेले, खात गेले. भीतीतही जीभ बेइमान होती, एकेक चव ओळखत होती.

"बघा, सूनबाईचा उपास सुटला," दिमानाबाई म्हणाल्या.

"तुमच्याच गावाचा दोष आहे, आई. इतकं चांगलं करायचं कशाला?"

तेवढ्यात धुक्यातून एक म्हातारी आली. स्वच्छ पांढरा एप्रन, हातात पत्र्याचं ताट. त्यात भोपळा आणि अक्रोड भरून गुंडाळलेली बानित्सा होती. पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे पातळ, आणि वर वाफ. टेकडीच्या आसपास एकही चूल नाही, तरी ताट भट्टीतून आत्ताच काढल्यासारखं गरम होतं. तो वास आठवला की आजही तोंडाला पाणी सुटतं, आणि मग अंगावर काटा येतो.

"घे पोरी," ती म्हणाली. "रुमेनच्या नावाने."

माझा हात हवेतच राहिला. रुमेन काय, गल्लोगल्ली असतात, मी स्वतःला समजावलं.

"कुठला... कुठला रुमेन, आजी?"

"इथलाच." तिने हनुवटीने थडग्याकडे दाखवलं. "नेद्याल्कोचा."

"तो जिवंत आहे..."

"घे ना. निवतंय."

तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, उलट मायाच होती. म्हणूनच मी हात मागे घेतला. तो घास घेतला असता तर काय घेतलं असतं, हे मला नीट कळत होतं.

दिमानाबाईंनी बाटली खाली ठेवली. त्यांनी म्हातारीचं कोपर धरलं आणि तिला अक्रोडाच्या झाडाखाली नेलं. तिच्या कानाशी लागून त्या बराच वेळ बोलत होत्या. मला शब्द ऐकू आले नाहीत. म्हातारीने एकदा मान वळवून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग ताट पुढे केलं. दिमानाबाईंनी एक तुकडा उचलून अख्खा तोंडात घातला आणि क्षमेचे शब्द पुटपुटले. नाव घासाबरोबर गिळलं गेलं.

म्हातारी धुक्यात गेली. ती कुणाच्या घरची, हे नंतर गावात कुणालाच सांगता आलं नाही.

माझा फोन वाजला. इस्पितळातून. "हृदय मध्येच थांबलं होतं," डॉक्टर म्हणाले, "पण आपणहून सुरू झालं. आता धोका नाही." मी तिथेच ओल्या गवतावर बसून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तेव्हा रुमेन ओठांवरून जीभ फिरवत होता. "मिलेना, इथे पाणीसुद्धा देत नाहीत," तो म्हणाला, "मग माझ्या तोंडात भोपळ्याची चव कशी?" मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या त्याचं पांघरूण सारखं करत होत्या. या बाईने मुलाला कुठून ओढून आणलं हे मला कळत होतं, आणि तिचे पाय धरावेसे वाटत होते.

रुमेन गावी परतला त्या दुपारी टेबल भरलेलं होतं. तो दोनदा दही मागून घेऊन जेवला आणि अंगणात उन्हाला जाऊन बसला. आम्ही दोघीच उरलो.

"आई, त्या दिवशी त्या म्हातारीला तुम्ही काय सांगितलंत?"

"नाव बदलून दे म्हटलं."

"आणि... कुणाचं दिलंत? तुमचं?"

त्या पाव कापत राहिल्या. "आईला मुलापेक्षा कोण मोठं असतं, पोरी?"

"हे उत्तर नाही झालं..."

त्यांनी सुरी ठेवली आणि घेवड्याचं अख्खं भांडं माझ्यापुढे सरकवलं. इतक्या वर्षांत कधी नाही तो माझ्या केसांवरून हात फिरवला. तेव्हा मला आठवलं, ताट पुढे करण्याआधी म्हातारीने मलाच पायापासून डोक्यापर्यंत बघितलं होतं.

"खा," त्या हळूच म्हणाल्या. "पोटभर खा. आज सगळं तुझ्याच आवडीचं केलंय."