चौथ्या दिशेची लाट

"पेटी मांडीवर नको, खाली ठेवा," ती सुकाणूवरून ओरडली.

"खाली पाणी आहे."

"होडी रोज पाण्यात असते. थोडं आतही यायचंच!"

अख्खी होडी हसली. तो लाजला, पण पेटी काही त्याने खाली ठेवली नाही. दोन विटांएवढी लाकडी पेटी... आत तान्हं मूल झोपलं असावं तसा तो पेटीला कवटाळून बसला होता. बंदराच्या तोंडाशी होडी हेलकावली, झाकण निसटलं आणि समोरच्या मास्तरीणबाईंच्या पायांशी सात-आठ होड्या सांडल्या. अंगठ्याएवढ्या. टप, सुकाणू, सगळं जागच्या जागी.

"अगं बाई," मास्तरीणबाई म्हणाल्या, "घरी मुलं किती?"

"मुलं नाहीत. म्हणजे... लग्नच नाही," तो गडबडून म्हणाला. उत्तर बाईंना दिलं, पण बघितलं मात्र सुकाणूकडे.

तेव्हापासून तिने त्याचं नाव खेळणीवाला ठेवलं. त्याने तिला कप्तान म्हणायला सुरुवात केली.

त्याचं काम खेळण्याचं नव्हतं. मोठ्या जहाजांना शांत पाणी मिळावं म्हणून बंदराच्या तोंडाशी समुद्रात लांबलचक दगडी भिंत घालायचं ठरत होतं. पलीकडच्या काठावर एका जुन्या गोदामात बंदराचा छोटा नमुना बांधला होता. त्यात पाणी सोडायचं, लाटा उठवायच्या आणि भिंत काय करते ते बघायचं. नमुना बांधणारा कारागीर तो.

अलीकडच्या वस्तीचा भिंतीला कडाडून विरोध होता. वाळू अडेल, शिंपल्यांचा पट्टा गाडला जाईल, तोंड अरुंद होऊन लहान होड्यांचे हाल होतील, असं लोक सांगत होते. सगळ्यांत मोठा आवाज तिच्या बाबांचा. चाळीस वर्षं त्यांनी माणसं या काठावरून त्या काठावर नेली होती. गुडघे गेले तेव्हा सुकाणू लेकीच्या हाती आलं, आणि बाबा धक्क्यावर बसून उतारूंना रांगेत लावू लागले.

खेळणीवाला रोज दोनदा होडीत बसायचा. आधी पुढच्या फळीवर, मग मधल्या, मग थेट सुकाणूजवळ.

"आज पेटी नाही?"

"नाही. हात मोकळे आहेत."

"मग दोरी बांधा."

त्याने बांधलेली गाठ तिने एका झटक्यात सोडवली. "ही गाठ आहे की वेणी?" असं म्हणून त्याची बोटं आपल्या बोटांत धरून तिने ती पुन्हा घालून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्याने गाठ मुद्दाम चुकवली. तिला कळलं. तिने पुन्हा शिकवली...

एका दुपारी तो तिला नमुना दाखवायला घेऊन गेला. बाहेर पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता आणि आत, गुडघ्याएवढ्या कठड्यात, तिचं सगळं बंदर पसरलं होतं. तिचा धक्का. बाबा बसतात ती पायरीसुद्धा.

"आणि माझी होडी पांढरी का? खरी तर हिरवी आहे."

"रंग संपला होता."

"खोटं."

"बरं... तुझ्या होडीचा हिरवा जमत नाहीये. तीन डबे वाया गेले."

ती हसली. मग त्याने लाटा सोडल्या, एकेका दिशेने, तीन दिशांनी. भिंतीमागे पाणी शहाण्या मुलासारखं गप्प बसलं. ती कठड्यावरून वाकली.

"दक्षिणेची लाट कुठे आहे?"

"दक्षिणेकडून इथे वाराच येत नाही."

"वारा नाही, लाट येते. कुठेतरी लांब वादळ होतं. इथे पान हलत नाही, आणि लाट येते, गुळगुळीत, जाडजूड. वर्षातून दहा-बारा दिवस. तुमच्या कागदांत नसेल."

जेवणाची सुट्टी होती, गोदामात दुसरं कोणी नव्हतं. लाटा उठवणारी जड फळी दोघांनी मिळून दक्षिणेला ओढली. लाट गेली, भिंतीवर आपटली, मागे फिरली आणि पुढून येणाऱ्या लाटेला नेमकी बंदराच्या तोंडात भेटली. तिथे पाणी उभं राहिलं. छोटी होडी वर गेली, आडवी झाली, उलटली.

त्याने ती सरळ केली. पुन्हा उलटली. पाच वेळा सोडली, पाचही वेळा उलटली. मग त्याने भिंतीचे ठोकळे उचलून बाजूला ठेवले आणि तीच लाट सोडली. होडी डुलत डुलत धक्क्याला आली.

भिंतीबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला लवकरच सरकारी सुनावणी व्हायची होती.

"सुनावणीत हे सांगशील?" तिने विचारलं.

"सांगेन."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. आणि मग तुझ्या बाबांना भेटायला येईन."

"सुनावणीबद्दल बोलायला?"

"नाही," तो म्हणाला. तिचा ओला हात त्याच्या हातात होता आणि तिने तो काढून घेतला नाही.

वस्तीला सुनावणीत बोलायला थोडाच वेळ मिळणार होता. दक्षिणेच्या लाटेबद्दल बाबा बोलणार होते. आठवडाभर ते पायरीवर बसून मनाशी पाठ करत होते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बोललात तर म्हातारा बडबडतोय म्हणतील. तुमचा वेळ त्याला द्या. तो आकड्यांनिशी सांगेल."

"माणूस पक्का आहे ना, पोरी?"

"पक्का आहे."

बाबांनी आपली पाळी सोडली.

शाळेच्या सभागृहात लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं अंग चोरून बसली होती. अधिकाऱ्यांनी त्याचं नाव पुकारलं. तो उभा राहिला. त्याच्या शेजारी त्याचे साहेब बसले होते.

"ठरवून दिलेल्या तीन दिशांची चाचणी झाली," तो म्हणाला. "तिन्हींत होड्यांचा प्रवेश सुरक्षित आहे."

तो बसायला लागला. ती उठली. "आणि चौथी?"

अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हातातल्या कागदांकडे.

"चौथ्या दिशेची चाचणी... नोंदीत नाही."

बाबा हात वर करून उठले, पण वस्तीचा वेळ संपला होता. घरी जाताना त्यांनी लेकीला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो धक्क्यावर आला. "साहेबांनी सुनावणीच्या आदल्या दिवशी बोलावलं होतं. माझ्या कायम नेमणुकीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. नोकरी पक्की नसताना तुझ्या बाबांपुढे कोणत्या तोंडाने येणार होतो मी?"

"आता कोणत्या तोंडाने आलास?"

त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "सगळं लिहिलंय. लेखी हरकतीला अजून आठवडा आहे. तू दे. फक्त... माझं नाव नको."

तिने कागद उलगडला. सुबक अक्षर. लाटेची उंची, भिंतीपासूनचं अंतर, होडी पाच वेळा उलटली. खाली कोरी जागा. तिने बाबांच्या खिशातलं पेन आणून त्याच्या हातात दिलं.

"सही कर."

त्याने पेन कागदावर टेकवलं. निळा ठिपका उमटला, थोडा पसरला... आणि त्याने पेन उचललं.

"समजून घे ना."

"लग्नाच्या नोंदीतही सही लागते रे," ती म्हणाली. "तिथे काय करणार होतास?"

त्याला पलीकडे कामावर जायचं होतं. तिने त्याला नेलं, इतर उतारूंसारखंच. बंदराच्या तोंडाशी तो हळूच म्हणाला, "कप्तान..."

"पुढच्या फळीवर बसा," ती म्हणाली. "मागे वजन जास्त झालंय."

हरकत तिने स्वतःच्या सहीने दिली. चाचणी कोणी केली ते नमूद नाही, सबब विचार करता येत नाही, असं उत्तर आलं. दोन वर्षांत भिंत उभी राहिली. शिंपल्यांच्या पट्ट्यावर हातभर वाळू चढली. दक्षिणेची लाट आली की तोंडात पाणी उभं राहू लागलं, आणि त्या दिवशी ती होडी बंद ठेवू लागली. वारा नाही, ऊन छान पडलंय, आणि होडी का बंद? उतारू कुरकुरत लांबच्या रस्त्याने जायचे.

अशाच एका स्वच्छ सकाळी बाबा पायरीवरून म्हणाले, "पोरी, पलीकडे कोणीतरी केव्हाचा उभा आहे. हात करतोय. ओळखीचा आहे का?"

तिने कपाळावर हात धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आहे."

"मग ओरडून सांग त्याला, होडी का येत नाही ते."

ती दोरी गुंडाळायला लागली.

"त्याला ठाऊक आहे, बाबा."