चौथ्या चाकाची हवा

त्या दिवशी मी फक्त ब्रेक ऑइल आणायला बाहेर पडलो होतो. कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्या काकांकडे दोन डबे मागितले.

"दोन? गाडीत घालायचंय की अंघोळ करायचीय?" काका म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी बुचाखालचं सील अंगठ्यानं चाचपून बघत होतो, पुन्हा पुन्हा. काका बघत राहिले. मग आवाज खाली करून म्हणाले, "उभी राहिली का रे गाडी?"

"ब्रेकची हवा काढली की झालं."

"आणि चालवणार कोण?"

मी पैसे ठेवले आणि निघालो.

गाडी दादाची. दोनच माणसांची, बुटकी, गडद हिरवी स्पोर्ट्स कार, आम्हा दोघा भावांच्या जन्माआधीची. असल्या गाड्या लोक कापडाखाली झाकून ठेवतात आणि वर्षातून एकदा पुसून फोटो काढतात. दादा ती रोज चालवायचा. कामाला जायला, भाजी आणायला, वहिनींना माहेरी सोडायला. "उभी ठेवली की रुसते," म्हणायचा. रोज चालवायची म्हणून दर रविवारी तिचं काही ना काही निघायचं. प्लग साफ करायचे, पट्टा ताणायचा, रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दोन्ही कार्बोरेटरचा श्वास सारखा आहे का ते ऐकायचं. मी आठवीत शाळा सोडली ती थेट घरामागच्या या गाडीच्या शेडमध्ये येऊन बसलो. मला जे काही येतं ते त्याच्या हाताखाली आलं.

ब्रेकची हवा काढणं हे एकट्याचं काम नाही. एकानं सीटवर बसायचं, पेडल तीनदा मारायचं, चौथ्यांदा दाबून ठेवायचं आणि सांगायचं, "धरलं." दुसऱ्यानं चाकाशी आडवं पडून हवा सोडायचं छोटं निपल पान्यानं सैल करायचं. पारदर्शक नळीतून तेल बाटलीत येतं, बरोबर हवेचे बुडबुडे. पेडल खाली टेकतं. मग निपल आवळायचं आणि सांगायचं, "सोड." त्याआधी पाय उचलला तर नळीत पुन्हा हवा जाते. सर्वांत लांबचं चाक पहिलं, ड्रायव्हरजवळचं शेवटी. लहानपणापासून सीटवर मी आणि खाली दादा. जरा उशीर झाला की खालून आवाज यायचा, "झोपलास काय रे?"

शेवटच्या वेळी मात्र उलटं झालं. दादाच्या पाठीत उसण भरली होती, म्हणून तो सीटवर बसला आणि मी खाली. मला मित्रांबरोबर मॅच बघायला जायचं होतं. तेलाचा नवा डबा कपाटात वर होता, त्याला स्टूल लागलं असतं. जुना अर्धा डबा पायाशीच होता, दोन पावसाळे बूच सैल राहिलेला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. तसलं तेल लांब उतारावर तापलं की उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल उशीवर पाय ठेवल्यासारखं खाली जातं. हे मला दादानंच शिकवलं होतं.

वरून त्यानं विचारलं, "नवा फोडलास ना रे?"

मी म्हणालो, "हो."

त्यानंतर नवव्या दिवशी गाडी लांब उतारावरच्या वळणावर दगडी भिंतीला धडकली. पुढे चाललेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं, "आरशात दिसत होता मला. सारखा वाकून पाय मारत होता. ओरडला वगैरे नाही, नुसता पाय मारत होता." धडकेत ब्रेकच्या नळ्या फुटल्या, तेल रस्त्यावर सांडलं. तपासायला काही उरलं नाही. मला कोणी काही विचारलं नाही. एक जण जरी खडसावून विचारता तरी बरं झालं असतं.

चार महिने मी गाडीवर काम केलं. पत्रा ठोकला, रेडिएटर बदलला, नळ्या नव्या टाकल्या. का, ते सांगता येणार नाही. गाडी उभी राहिली की निदान कळेल, असं वाटायचं. माझ्या त्या एका शब्दानं दादा गेला का, एवढंच मला हवं होतं.

तेल आणलं त्याच संध्याकाळी साडेपाचला वहिनी शेडमध्ये आल्या. एवढ्या दिवसांत त्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या.

"मी बसते सीटवर," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण आहे तुम्हाला?"

"वहिनी, नका. मी बोलावतो कोणाला तरी."

"सांगा काय करायचं ते. आणि ओरडायचं नाही. तुमचे दादा ओरडत असतील, तुम्ही नाही."

त्यांनी सीटवर आधी हात फिरवला, मग बसल्या. मी त्यांच्यासमोर नवा डबा फोडला. बाहेर वारा होता आणि पत्र्याचं दार आपटत होतं, म्हणून मी दगड लावून ते बंद केलं. हातबत्ती गाडीखाली नेली.

तीन चाकं नीट झाली. वहिनींचं "धरलं" बारीक यायचं, मी "सोड" म्हणायचो. आमच्यात वहिनींना 'सोड' म्हणणं बरोबर नाही, पण कामाचा शब्द तोच होता. तिसऱ्या चाकाला त्या म्हणाल्यासुद्धा, "बराच हुकूम चालवताय, भाऊजी." चार महिन्यांनी त्यांच्या आवाजात जरासं हसू ऐकलं.

चौथं चाक ड्रायव्हरच्या बाजूचं. मी पाठीवर सरकत तिथं गेलो. इथून मान वळवली की गाडीच्या उघड्या दारातून वहिनींचे पाय दिसत. नळी लावली, पाना चढवला. पेडल तीनदा वाजलं. चौथ्यांदा खाली गेलं आणि तिथंच राहिलं. "धरलं" आलं नाही.

"वहिनी, सांगायचं ना."

"भाऊजी..." त्यांचा आवाज अगदी हळू आला. "मी अजून दाबलंच नाहीये."

मी मान वळवली. त्यांनी दोन्ही पाय वर सीटवर घेतले होते, गुडघे छातीशी. खाली कोणाचाच पाय नव्हता. आणि पेडल दाबलेलं होतं.

मी तसाच पडून राहिलो. मग हातानं आपोआप पाना फिरवला. इतक्या वर्षांची सवय. नळीतून तेल आलं. आत्ता फोडलेल्या डब्यातलं तेल पाण्यासारखं स्वच्छ असतं. हे चहासारखं काळपट होतं. नळी बोटांना चटका देत होती. चाक गार, लोखंड गार, फरशी गार, आणि तेल उकळत होतं. बुडबुडे थांबेनात. जळका, गोडसर वास शेडभर झाला. तो वास मला ठाऊक होता. गाडी ओढून आणली त्या दिवशी तिला तोच वास होता.

मी निपल आवळलं. काही म्हणायच्या आत पेडल आपणहून वर आलं आणि पुन्हा खाली गेलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. आधी सावकाश, मग भराभर. ठप, ठप, ठप. फळीवर आपटत होतं. मी निपल बंद केलं होतं तरी ते काही न अडता तळापर्यंत जात होतं.

"काय करतायत ते?" वहिनींनी विचारलं.

"ब्रेक मारतोय," मी म्हणालो. "लागत नाहीये त्याचा."

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. गाडीखाली आडवा पडून, त्या पेडलकडे बघत मी म्हणालो, "दादा, नवा नव्हता फोडला. जुना होता. स्टूल घ्यायचा कंटाळा केला मी. खोटं बोललो तुझ्याशी."

ठप, ठप चालूच राहिलं.

"त्यांना माहीत होतं," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"त्याच रात्री. नवा डबा कपाटात तसाच दिसला त्यांना. जेवताना हसत होते. म्हणाले, धाकट्याला वाटतं मला कळत नाही. पाठ बरी झाली की पुन्हा करतो, तोवर हळू जाईन. त्याला बोलू नकोस, चेहरा पडेल त्याचा." त्यांनी श्वास घेतला. "मीही गाडी नका नेऊ म्हटलं नाही, भाऊजी. दोन दिवस बसनं जा, एवढं म्हणायचं होतं. चार महिने तुम्ही इथं ठोकत बसला होतात आणि मी घरात बसून ते ऐकत होते. सांगायचं धाडस झालं नाही."

माझ्यासाठी तो तसल्या ब्रेकवर नऊ दिवस फिरला. माझा चेहरा पडू नये म्हणून.

पेडल थांबलं. शेवटचं एकदा अगदी हळू खाली गेलं, फळीला टेकलं आणि टेकूनच राहिलं. वाराही पडला होता. बत्तीच्या उजेडात मला पेडलचं रबर दिसत होतं. मधोमध ते दाबलं गेलं होतं, बुटाच्या पुढच्या भागाएवढं.

तो वाट बघत होता. खालच्या माणसानं सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नसतो.

"म्हणा ना," वहिनी कुजबुजल्या.

"म्हटलं की तो जाईल."

नंतर कधीतरी वहिनी पेडलला धक्का न लावता बाहेर उतरल्या. मी बत्ती विझवली. आम्ही शेडचं दार ओढून घेतलं.

त्याला आता अकरा दिवस झाले. मी बॅटरी काढून घरात आणून ठेवली आहे. चावी माझ्या खिशात असते. रोज एकदा मी जातो, चाकाशी आडवा पडतो, तोंड उघडतो आणि तसाच परत येतो. वहिनीही जातात. आत काय बोलतात ते मी विचारत नाही. पेडल दोन्ही हातांनी वर ओढून बघितलं. तसूभर हललं नाही.

आज सकाळी वहिनी शेडमधून लवकर परतल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आता शेजारचंही खाली गेलंय."

शेजारचं म्हणजे क्लच. दोन्ही पाय असे दाबून माणूस बसतो ते गाडी सुरू करायच्या वेळी.