तेवीस इंच

फोन आला तेव्हा मी नातीच्या गणवेशाला गुडघ्यापाशी ठिगळ लावत होते. पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला, "आजी, मी संग्रहालयातून बोलतेय. 'ठिणगी' म्हणायचे त्या नटीच्या सिनेमांचं प्रदर्शन मांडतोय आम्ही. तिचा तो तांब्याच्या रंगाचा झगा सापडलाय, पण डमीला घालायचा कसा तेच कळत नाहीये. पाठीला ना चेन, ना हूक."

मला हसूच फुटलं. कळणार कसं? तो झगा घालायचाच नव्हता मुळी. तो मी तिच्या अंगावर शिवायचे. रोज सकाळी ती पाठ करून उभी राहायची, मी मानेपासून खाली टाके घालत यायचे, आणि शूटिंग संपलं की उसवायचे. बहात्तराव्या वर्षी माझे पाय जमिनीवर ठरेनात. सुया, दोरा, टेप पिशवीत टाकले आणि तशीच निघाले.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. मागच्या रांगेत नाचणारी मुलगी होती ती, एकोणीस वर्षांची. एका गाण्यात जिन्यावरून खाली आली आणि थिएटरात लोक खुर्च्यांवर उभे राहिले. पोस्टरवर नावाखाली आकडा छापायचे, 'तेवीस इंच'. कमरेचा. नट्यांची नावं छापतात, हिची कंबर छापली. बापे तो आकडा पाठ करायचे आणि बायका घरी टेप काढून स्वतःला कोसायच्या. चारचौघांत मी तिला बाई म्हणायचे, आत दार लावलं की अगं-तुगं. ती मला टाचणी म्हणायची, मी तेव्हा तेवढी बारीक होते. पस्तिशीनंतर तिला कुणी विचारलं नाही, आणि पन्नाशीत एकटीच गेली.

संग्रहालयाच्या तळघरात तिची डमीही मिळाली होती. कापूस भरून, वर जाड कापड ताणून मीच बनवलेली, बरोब्बर तिच्या मापाची. टेप लावला. तेवीस. झगा चढवला, पाठ शिवली, आणि काय सांगू, ऊर भरून आला! पहिल्याच दिवशी दारापासून रस्त्यापर्यंत रांग लागली. एका म्हाताऱ्यानं काठी बगलेत धरून शिट्टी मारली.

तीन आठवड्यांनी मॅडमचा पुन्हा फोन. ती प्रदर्शनवाली मुलगी, तिला सगळे मॅडम म्हणायचे. "आजी, पाठीचे चार टाके तुटलेत."

टेप लावला. साडेतेवीस.

"दमट हवेनं कापूस फुगला असेल," मी म्हटलं. पाठ उघडून मूठभर कापूस काढला, पिशवीत टाकला आणि पुन्हा शिवलं. दुसऱ्या सकाळी टाके तुटलेले. माप साडेतेवीसच. कापूस माझ्या पिशवीत होता, मग आत काय होतं?

पुढं चोवीस झाली. मग साडेचोवीस. मॅडम म्हणायची, लाकूड फुगतं तसं असेल. मी मान हलवायचे, पण तोंडाला कुलूप लावलं होतं. कारण हे आकडे मला ठाऊक होते. याच क्रमानं ठाऊक होते.

तिच्या सव्विसाव्या वर्षी, त्या जिन्याच्या गाण्यानंतर सात वर्षांनी, तिला पुन्हा तोच झगा घालून नाचवायचं ठरलं. शूटिंग महिनोन्‌महिने चाललं होतं. माप मी घ्यायचे, त्यामुळे डॉक्टरच्या आधी मला कळलं. तिनं माझा हात धरला. डोळे असे चमकत होते तिचे! "टाचणी, कुणाला सांगू नकोस. मला हे हवंय. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी हवंय." मी दर पंधरवड्याला शिवण गुपचूप सैल करत गेले. आम्ही दोघी पोरींसारख्या खिदळायचो.

कंबर पंचवीस इंच झाली तेव्हा निर्मात्याच्या लक्षात आलं. तो आला, मला म्हणाला, "पोस्टरवर काय छापलंय? तेवीस म्हणजे तेवीस." आतून नाडीनं आवळायचा पट्टा होता. नाडी माझ्या हातात होती. मी आवळली. तिनं नेहमीसारखा श्वास आत घेतला आणि पोट ओढलं. तीन दिवस मी आवळत होते. तिसऱ्या दुपारी ती जिन्यावरच खाली बसली, आणि टाके उसवताना माझे हात लाल झाले.

दहा दिवसांनी ती कामावर आली. तेवीस. मला एवढंच म्हणाली, "तू तरी सैल सोडायचं होतंस." मग पुन्हा कधीच त्यावर बोलली नाही. मी मात्र आजवर रोज ते ऐकते.

तर, दहाव्या आठवड्यात डमी पंचवीस झाली.

त्या सकाळी दालन उघडायला तासभर होता. काचेच्या छतातून लख्ख ऊन येत होतं. दुपारी टीव्हीवाले येणार म्हणून मॅडम घायकुतीला आली होती. तिनं तळघरातून तो पट्टा शोधून आणला होता. तोच.

"आजी, हा आवळून बांधा. लोक तेवीस बघायला येतात."

मी नाडी हातात घेतली. दुसऱ्या हातात डमीच्या कमरेभोवती टेप होता, घट्ट, पंचवीसवर.

आणि श्वास आत घेतल्याचा आवाज आला.

टेप माझ्या हातात सैल पडला.

मी खाली पाहिलं. तेवीस... मी नाडी नुसती धरली होती, आवळलीही नव्हती. तिनं पोट आत ओढून धरलं होतं, सांगायच्या आधीच, शहाण्या मुलीसारखं.

"हे... हे तुम्ही केलंत?" मॅडम कुजबुजली.

मला हुंदका आला. मी पट्टा फेकून दिला. डमीच्या पोटावर तळहात ठेवला. कापड ऊबदार होतं आणि हाताखाली थरथरत होतं, फार वेळ श्वास धरला की माणूस थरथरतं तसं.

"नको गं," मी म्हटलं. "नको धरूस. सोड... सोड बाई."

टेप हळूहळू भरत गेला. साडेतेवीस, चोवीस, पंचवीस. माझ्या कानाशी एक लांब निःश्वास सुटला आणि तिच्या पावडरीचा वास आला.

मॅडम भिंतीला टेकली होती. मी तिला म्हटलं, "कात्री दे. हा झगा मी मोकळा करणार आहे. तुला नको असेल तर आत्ताच मला हाकलून दे."

तिनं कात्री दिली. मी दोन्ही कुशींच्या शिवणी उसवल्या, आत दाबलेलं कापड मोकळं केलं, दोन कळ्या, म्हणजे कापडाच्या उभ्या पट्ट्या, जोडल्या. टीव्हीवाल्यांनी विचारलं, तेवीस का नाही? मी म्हटलं, "कारण ती बाई होती, आकडा नव्हती." पेपरातही छापून आलं ते! गर्दी दुप्पट झाली. तीन महिन्यांचं प्रदर्शन आणखी सात महिने लांबलं. सव्वीस, एकोणतीस, चौतीस... दर आठवड्याला मी जायचे, मॅडम टाचण्या धरायची, आम्ही दोघी कापड जोडायचो आणि काय जोडतोय ते बोलायचो नाही. बायका त्या झग्यासमोर उगाच थबकायच्या. मी रात्री नीट झोपत होते, किती वर्षांनी!

छत्तिसानंतर एका सकाळी फोन आला. "आजी, लगेच या."

झगा डमीवर ढगळ लोंबत होता. टेप लावला. एकोणतीस. मॅडम रडवेली झाली. "कुणी कापूस काढला का? तेवीस तरी यायला हवं ना?"

"नाही," मी म्हटलं. मला तीन मुलं झाली आहेत. लगेच तेवीस कुणाची होत नाही. माझं काळीज आनंदानं इतकं धडधडत होतं की मला डमीच्या खांद्याला धरावं लागलं.

तेवढ्यात मॅडमनं बोट दाखवलं. "आजी, छत गळतंय का?"

झग्याच्या छातीवर, डाव्या बाजूला, एक ओला डाग होता. वर पाहिलं. काच कोरडी ठणठणीत. डागाला बोट लावलं. कोमट, किंचित चिकट. वास मी ओळखला, कुठलीही आई ओळखेल.

पान्हा असा उगाच फुटत नाही. मूल रडलं की फुटतो.

आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या राहिलो. दालन रिकामं होतं, कुठेच काही ऐकू येत नव्हतं. आणि आमच्या डोळ्यांसमोर उजवी बाजूही हळूहळू ओली व्हायला लागली.