ठसा

खोलीत नऊ खाटा होत्या आणि नऊही खाटांवर धडधाकट तरुण डॉक्टर थंडीनं कुडकुडत होते. बाहेर ऊन रणरणत होतं. एकाचे दात वाजत होते, एकजण गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता. डोमाजी निकुरे काचेपलीकडून बघत होते. नऊजणांच्या अंगात त्यांच्या बायकोचा ताप होता.

मलेरिया एक पिढीभर नाहीसा झाला होता. मग उन्हाळे लांबले, डास परतले, आणि असं लक्षात आलं की एकाही डॉक्टरनं हा रोग डोळ्यांनी पाहिलेला नाही. पुस्तकातली लक्षणं पाठ असूनही समोरचा रोगी ओळखू येईना. त्यावर या संस्थेनं उपाय काढला : ठसा. रोग्याच्या कपाळाला पट्टी बांधायची. शरीर मेंदूला जे जे कळवतं, थंडी, ठणका, तहान, घाबरणं, कानावर पडलेला आवाज, ते सगळं पट्टी टिपून घेते. तेच पुढं शिकाऊ डॉक्टरच्या मेंदूवर उमटवायचं. त्याच्या रक्तात जंतू नसतो, तापमापकात पारा चढत नाही, पण तासाभरात तो आख्खं आजारपण भोगून उठतो. मग दारातून आत येणाऱ्या रोग्याच्या नुसत्या चालीवरून त्याला कळतं.

डोमाजींच्या बायकोच्या, गिरजाच्या ठशासारखा दुसरा ठसा नव्हता. तो शेवटच्या श्वासापर्यंत गेला होता.

मेलेल्या माणसाचा ठसा वापरायचा तर दरवर्षी घरच्यांची संमती लागे. गेली दोन वर्षं डोमाजींनी ती मुकाट्यानं दिली होती. जुन्या संमतीची मुदत आज संपत होती आणि यंदा त्यांनी सांगितलं, तिचा ठसा अंगावर घेतलेल्या कुणाशी तरी आधी बोलीन.

"बोला की," डॉक्टर पारनेरकर म्हणाले. संस्था त्यांचीच होती. "लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

तासाभरानं रेवा कुमरे नावाची शिकाऊ डॉक्टर घाम पुसत बाहेर आली. समोरचा म्हातारा कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

"बस, बाई. पाणी घे," डोमाजी म्हणाले. "लय त्रास झाला का?"

"डोकं असं दुखतं काका, की कापून बाजूला ठेवावंसं वाटतं." ती गटागट पाणी प्यायली. "पण त्रास त्याचा नाही."

"मग?"

"एक ट्रे वाजतो. स्टीलचा. तो वाजला की आत एकदम बरं वाटतं, आता सुई मिळणार म्हणून. आणि तो पुढं निघून जातो. परत वाजतो, परत पुढं जातो. मग हात पुढं केला. कुणी धरलाच नाही."

"सुई टोचल्याचं काही जाणवलं?"

"नाही. ते कुठंच नाही."

डोमाजींनी पारनेरकरांकडं पाहिलं. "का जी डॉक्टर? मला तर तेव्हा सांगितलं होतं, आज संध्याकाळी इंजेक्शन सुरू करतो."

रेवाचा पेला हातातच राहिला.

"केलं होतं," पारनेरकर शांतपणे म्हणाले. "औषध अंगात गेलं की रोगाची खरी चाल पुसट होते. म्हणून उपचाराचा भाग आम्ही ठशातून कापतो."

"सुई कापली, मग ट्रे कसा ठेवला?"

"तापात भास होतात, डोमाजी."

"होत असतील. तिचा हात तरी मला धरू द्यायचा होता. काचेबाहेर बसवलं तुम्ही."

"स्पर्श ठशात उतरतो. परक्या हाताची ऊब मिसळली की ठसा शिकवायला निकामी होतो. हे तेव्हाही समजावलं होतं. तुमच्या नातीला यंदा ताप आला. ज्या डॉक्टरनं तिला दारातच ओळखलं, त्यानं कुणाचा ठसा घेतला होता?"

ते खरं होतं. पोरगी आता घरी अंगणात उड्या मारत होती.

"मी नाही म्हटलं तर?"

"आजच पुसावा लागेल. कायदाच आहे तसा."

डोमाजींनी रेवाला विचारलं, "माझ्या नातीसारखं लेकरू उद्या तुझ्याकडं आलं, तर चुकशील का?"

"नाही, काका. आता नाही चुकणार."

त्यांनी संमती दिली. गिरजानं जे भोगलं ते पुसून काय मिळणार होतं? पण डॉक्टरनं तिच्या मरणासमोर तराजूत नातीचा जीव ठेवला, ते त्यांना सलत राहिलं.

दाराकडं जाताना वाटेत एक वॉर्ड लागला. आत एकच खाट, खाटेवर एक वाळलेली बाई. पोट टम्म फुगलेलं, कपाळाला पट्टी. बाहेरच्या बाकावर तिचा लेक हात मांडीवर ठेवून बसला होता.

"काय झालंय यांना?"

"काळा आजार," मागून पारनेरकर म्हणाले. "वाळूमाशीनं होतो. तोही परत येतोय आणि आमच्याकडं त्याचा पूर्ण ठसा नाही."

"औषध कधी देणार?"

"आज संध्याकाळी."

लेकानं भाबडेपणानं मान डोलावली. डोमाजींनी दार ढकललं, आत जाऊन स्टूल ओढलं आणि बाईचा हात दोन्ही हातांत घेतला. बाईनं डोळे न उघडताच बोटं घट्ट केली.

"हात सोडा," पारनेरकरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आठवड्याची मेहनत वाया जाईल. ठसा बिघडतोय."

"बिघडू द्या," डोमाजी म्हणाले. "बिघडला म्हणजे हिला औषध न द्यायला काही कारण उरत नाही."

व्हरांड्यात कुठंतरी स्टीलचा ट्रे वाजला. बाईची बोटं आणखी आवळली. दारात रेवाही येऊन उभी राहिली होती. तो आवाज ऐकताच तिचाही हात आपोआप पुढं झाला.

ट्रे जवळ येत होता. डोमाजींनी हात सोडला नाही. ट्रे इथं थांबतो की पुढं जातो, तेवढं त्यांना बघायचं होतं.